पुसून पुन्हा ठेवा

यंत्रानं चूक केली नव्हती, हे आधीच सांगितलेलं बरं. पुढं जे झालं त्यानंतर कासारखिंड तालुक्यात बऱ्याच जणांनी यंत्राला शिव्या घातल्या. त्या सगळ्या चुकीच्या पत्त्यावर गेल्या. बरोबर पत्ता असा होता: प्रा. दिगंबर तोडकर, संख्याशास्त्र विभाग, पाण्याच्या टाकीमागं.

नव्या कायद्यानं प्रत्येक पक्षाला आपला उमेदवार सभासदांच्या मतांनी ठरवणं भाग पडलं होतं. याला प्राथमिक निवडणूक म्हणत. मतदान टपालानं. मतदानयंत्रावर लोकांचा विश्वास नाही म्हणून कागद आला, आणि कागद मोजायला वेळ लागतो म्हणून कागद वाचणारं यंत्र आलं. एकूण प्रगती झाली.

यंत्राचं नाव झरोका. लग्नात आइस्क्रीमची पेटी असते तेवढं. त्याच्या पोटातून ज्या लहरी निघत त्यांना टेराहर्ट्‌झ लहरी म्हणतात. मोबाइलच्या लहरी आणि उजेड यांच्या मधल्या बोळात त्यांचं घर. कागदातून त्या सरळ आरपार जातात, पण पेन्सिलीच्या शिशाला अडखळतात. शिवाय घडी घातलेल्या कागदाच्या दोन थरांमध्ये केसाहून बारीक हवा असते, आणि प्रत्येक थरावरून परतणारा प्रतिध्वनी जरासा वेगळ्या वेळी येतो. जरासा म्हणजे सेकंदाचा अब्जावा भागसुद्धा फार मोठा वाटावा इतका. तेवढ्यावरून झरोक्याला कळायचं की पेन्सिलीची फुली कुठल्या थरावर आहे आणि कुणाच्या नावापुढं आहे. पाकीट न फोडता.

एकेकट्याचं मत कळू नये म्हणून पाकिटं पन्नासाच्या गठ्ठ्यानं ठेवायची आणि यंत्र फक्त बेरीज सांगायचं. पक्षाच्या घटनेत याला ‘गठ्ठ्याची गुप्तता’ असं नाव होतं. एकाच्या घरात डोकावलं तर ते चोरून बघणं. पन्नास घरांत एकदम डोकावलं तर ती आकडेवारी.

पाकिटं येत जातील तसा कल काढायचा, आणि हरणाऱ्याला तो आधीच कळला तर त्याला ‘सन्मानजनक माघार’ घेता यावी, अशीही तरतूद होती. वेळ वाचतो, कटुता टळते. थोडक्यात, हरायच्या आधीच हरण्याची सोय. माघारीची मुदत सर्वपित्री अमावास्येच्या दुपारी संपत होती. पाकिटं घ्यायची भाद्रपद पौर्णिमेपासून नवरात्रातल्या नवमीपर्यंत. या तारखा मुंबईच्या कार्यालयानं इंग्रजी कॅलेंडर बघून घातल्या होत्या. अमावास्या ही गोष्ट त्यांच्या गावीही नव्हती.

कल काढायचं काम दिगंबर तोडकरांकडं. आलेली पाकिटं यंत्र वाचत असे. न आलेल्या पाकिटांचं काय, ते तोडकर सांगत. त्यासाठी त्यांच्याकडं एक प्रतिमान, म्हणजे अंदाज बांधायचं गणित, होतं, अकरा राज्यं आणि तीन परदेशांतल्या टपाली मतदानावर घडवलेलं. ते म्हणायचं की पहिल्या पंधरा दिवसांत ज्याचं पाकीट आलं नाही, त्याचं सहसा येतच नाही. कंटाळा हा जगात सगळीकडं सारखाच असतो.

तोडकरांना तालुक्यात मान होता तो दुसऱ्या कारणानं. ते विवेक मंडळाचे चिटणीस. ‘कावळा आणि कार्यकारणभाव’ हे त्यांचं व्याख्यान शाळा-कॉलेजांतून एकशे चाळीस वेळा झालेलं. ते विनोदी बोलत, त्यामुळं ज्यांच्यावर विनोद असत तेही हसत. निदान समोर.

*

पितृपंधरवड्याच्या आठव्या दिवशी त्यांच्याकडं म्हाळ होता. म्हणजे त्यांच्या आईकडं. तोडकरांचा यात सहभाग फक्त जेवणापुरता, आणि तो मात्र मनापासून. गवार-भोपळ्याची भाजी, कढी, वडे, तांदळाची खीर. आईनं, सुगंधाबाईंनी, गच्चीवर पान ठेवलं आणि त्या कठड्याला टेकून आभाळाकडं बघत उभ्या राहिल्या. कावळा आला तो तीन मिनिटांत.

“आलं बघ तुझं बाप,” त्या म्हणाल्या. “वड्यावर पहिली चोच. हयातीतबी वडाच आधी खायचं.”

“आई, मागच्या बोळात खाटकाचं दुकान आहे. तिथले कावळे आहेत ते.”

“असू दे की. तुझं बापबी तिथंच उभं असायचं.”

ताटावर बसताना तोडकरांची नजर देव्हाऱ्याकडं गेली. हळदी-कुंकवाच्या करंड्याखाली पक्षाचं पाकीट होतं. चिकटवलेलं, सही केलेलं.

“हे टाकलं नाहीस अजून?”

“टाकीन की घट बसल्यावर. ह्या दिवसांत कुणी नवं काम करतं व्हय? बाईमाणूस उभं राहिलंय पहिल्यांदा. तिचं नाव पितरांच्या पंधरवड्यात पेटीत टाकू?”

“लोकशाहीला मुहूर्त लागत नाही, आई.”

“न्हाई लागत ना? मग आज टाकलं काय नि धा दिसांनी टाकलं काय,” सुगंधाबाईंनी खीर वाढली. “वडा घे अजून एक.”

तोडकर हसले. पुढच्या व्याख्यानात हे घालायचं, असं त्यांनी ठरवलंसुद्धा. संख्याशास्त्राच्या माणसाला समोर आलेली गोष्ट दोन प्रकारे दिसू शकते: पुरावा म्हणून किंवा किस्सा म्हणून. त्यांना ती किस्सा म्हणून दिसली.

*

लढत दोघांत होती. एक रणजितदादा मोहोळकर. शिक्षणसंस्था त्यांची, दूधसंघ त्यांचा. त्यांच्या मास्तरांनी, कारकुनांनी आणि पुण्याला नोकरीत असलेल्या पोरांनी पाकिटं पहिल्या चार दिवसांतच टाकली होती, कारण तसा निरोप होता. दुसऱ्या शालनताई वाघमोडे. तीस वर्षं आरोग्य उपकेंद्रात नर्स. तालुक्यातल्या दहातली चार माणसं तरी पहिल्यांदा त्यांच्याच हातात रडलेली. त्यांची मागणी एकच होती: खिंडीपलीकडच्या सतरा गावांसाठी चोवीस तास उघडं असणारं बाळंतपणाचं केंद्र. गेल्या पाच वर्षांत खिंड उतरताना जीपमध्ये अकरा बायका दगावल्या होत्या. शालनताईंना त्या अकराजणींची नावं पाठ होती, आणि त्या भाषणात दुसरं काही फारसं बोलत नसत.

तोडकरांच्या वडिलांना शेवटच्या वर्षात रोज घरी येऊन इंजेक्शन याच ताईंनी दिलं होतं. पावसाळ्यात प्लॅस्टिकची पिशवी डोक्याला बांधून यायच्या.

त्रयोदशीला आकडे असे होते: आलेली पाकिटं नऊ हजार दोनशे. रणजितदादा सहा हजार तीनशे ऐंशी, बाकीची शालनताई. प्रतिमान म्हणत होतं, रणजितदादा जिंकण्याची शक्यता सत्त्याण्णव टक्के. बायकांची पाकिटं फारच कमी आलेली होती. तोडकरांनी त्याची नोंद घेतली आणि पुढं लिहिलं, ‘महिला सभासदांत निरुत्साह.’

पक्षाचे तालुका निवडणूक अधिकारी नलवडे वकील. त्यांनी कागद वाचून चष्मा कपाळावर नेला.

“सर, बाईंना तुम्हीच सांगा. आम्ही सांगितलं तर राजकारण होईल. तुम्ही सांगितलं की शास्त्र.”

“कल उमेदवारांना सांगायचाच असतो. त्यात काय?”

“तेच तर. आणि दादा म्हणतायत, बाईंनी माघार घेतली तर केंद्राचं कलम जाहीरनाम्यात घालतो. लेखी. हरल्यावर कोण विचारतंय?”

यात तोडकरांना काही गैर वाटलं नाही. उलट बरं वाटलं. ताईंचे उपकार फेडायची ही संधी आहे, असं त्यांना वाटलं. माणूस दुसऱ्याचं वाटोळं करायला निघतो तेव्हा बहुतेक वेळा अशाच चांगल्या मनःस्थितीत असतो.

*

शालनताईंचं घर दोन खोल्यांचं. समोरच्या खोलीत भिंतीत कोनाडा, त्यावर निळा पडदा. तोडकर येणार म्हणून तो ओढून घेतलेला असावा. मागून उदबत्तीचा वास येत होता. तोडकरांनी दुर्लक्ष केलं. ते सहिष्णू होते.

ताईंनी चहा दिला आणि आकडे दोनदा वाचले.

“सत्त्याण्णव म्हंजे झालंच की सर.”

“तीन टक्के आशा आहे असंही म्हणता येतं. पण मी तुम्हाला खोटी आशा देणार नाही.”

“तुम्ही आकड्यात खोटं बोलणार न्हाई, ते ठाऊक हाय मला.” मग पडद्याकडं बघत म्हणाल्या, “सर, एक इच्यारू? बायकांची पाकिटं अजून… म्हंजे हे दिवस असे हायेत ना, तर बायका…”

“ताई!” तोडकर हसले. त्या हसण्याची त्यांना सवय होती. व्याख्यानात बरोबर सातव्या मिनिटाला ते यायचं. “आता तुम्हीसुद्धा? मेडिकलमधल्या बाई तुम्ही. पेशंट अमावास्येला आला तर टाके घालायचे थांबता का? माझ्याकडं चौदा ठिकाणची आकडेवारी आहे. पंधरा दिवसांत आलं नाही ते येत नाही. त्यामागं कंटाळा असतो. पितर नसतात.”

ताईंच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. “न्हाई, तसं न्हवं. मी आपलं उगंच इच्यारलं.”

“लेखी आश्वासन मिळतंय. ते घ्या. आज तुमच्या शब्दाला वजन आहे. हरल्यावर राहणार नाही.”

“आणि दिलेला शब्द त्यांनी पाळला न्हाई तर?”

“लेखी आहे, ताई.”

त्यांनी कप उचलून आत नेला. बाहेर आल्या तेव्हा पदर खोचलेला होता, इंजेक्शन द्यायच्या आधी खोचायच्या तसा.

“कुठं सही करायची?”

अमावास्येच्या दुपारी बारा वाजता सही झाली. संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या फोनवर गेली.

*

दुसऱ्या दिवशी घटस्थापना. तोडकर कार्यालयात निघाले तेव्हा सुगंधाबाईंनी पाकीट त्यांच्या हातात दिलं. त्यावर हळदीचं बोट आणि कुंकवाचं बोट.

“जाता जाता टाक पेटीत.”

“आई, ताईंनी माघार घेतलीय. तुला कळलं नाही?”

“कळलं. पर म्या लिव्हलेलं थोडंच मागं घेतलंय?” त्या पत्रावळीतल्या मातीवर गहू पेरत होत्या. “पण तिनं असं का केलं म्हणते मी. बायकांना इच्यारलं न्हाई, सवरलं न्हाई. कुणीतरी तिच्या मनात भरवलं असणार. ज्यानं कुणी सांगितलं असंल ना तिला, त्याच्या घासाला कावळा शिवायचा न्हाई बघ.”

तोडकरांनी पाकीट खिशात घातलं. ‘मी सांगितलं’ हे दोन शब्द आहेत. तोंड उघडून ते म्हणायला दीड सेकंद पुरतो. ते चप्पल शोधू लागले. चप्पल पायातच होती.

त्या दिवशी टपालाच्या पाच पिशव्या आल्या. एरवी अर्धी यायची. दुसऱ्या माळेला नऊ. तिसऱ्या दिवशी पोस्टाची गाडी दोनदा आली आणि पोस्टमननं पिशव्या टाकत विचारलं, “सर, काय फुकट वाटताय काय?”

तोडकरांनी पहिला गठ्ठा ठेवला. झरोक्यानं कुरकुर केली आणि पडद्यावर अक्षरं आली: ‘पाकिटावर डाग. पुसून पुन्हा ठेवा.’

लहरींना हळदीचं काही नव्हतं. त्या कुंकवातूनही गेल्या असत्या. पण पाकिटाच्या कोपऱ्यातल्या काळ्या-पांढऱ्या चौकटी वाचणारा एक साधा कॅमेरा यंत्राच्या तोंडाशी होता आणि हळद नेमकी तिथंच लागलेली. एका पाकिटावर नव्हे, सगळ्यांवर. काहींवर अक्षता चिकटलेल्या. एकावर तुळशीचं पान, डिंकानं नीट बसवलेलं.

तोडकर पुसू लागले. एकेक पाकीट, ओल्या फडक्यानं. पन्नास पुसली की ठेवायची. शालन वाघमोडे सेहेचाळीस, मोहोळकर चार. पुन्हा पन्नास. शालन वाघमोडे अठ्ठेचाळीस, मोहोळकर दोन. प्रत्येक बेरजेखाली यंत्र निमूट लिहायचं: ‘उमेदवाराची माघार. मते बाद.’

दुपारपर्यंत त्यांची बोटं पिवळी झाली. प्रतिमानाच्या चौदा ठिकाणी पितर असणारच. माणसं सगळीकडं मरतात. पण तिथं त्यांना पंधरवडा नव्हता. आणि इथं तो आहे, हे चौदाही ठिकाणच्या तज्ज्ञांना ठाऊक नसणं समजण्यासारखं होतं. ज्याला ठाऊक होतं त्यानं त्याच पंधरवड्यात दोन वाट्या खीर खाल्ली होती.

संध्याकाळी त्यांनी नलवडे वकिलांना बेरीज दाखवली. वकिलांनी ती पाहिली, चष्मा कपाळावर नेला, पुन्हा खाली आणला.

“हे बादच्या रकान्यातलं आहे ना?”

“हो, पण…”

“मग झालं. बाद मतं जाहीर करायची पद्धत नाही, सर.” ते जरा जवळ सरकले. “आणि तुमचा अंदाज काय होता? दादा जिंकणार. दादा जिंकतायत. तुम्ही उगीच मनाला लावून घेताय.”

*

सातव्या माळेला तोडकर खिंडीच्या वाटेवरच्या त्या दोन खोल्यांच्या घरी गेले. काय बोलायचं ते त्यांनी चार वेळा मनात मांडलं होतं. प्रत्येक मांडणीत पहिल्या वाक्याचा कर्ता ‘प्रतिमान’ होता.

कोनाड्यावरचा पडदा या वेळी बाजूला होता. घट बसवलेला, गव्हाला वीतभर पिवळे कोंब आलेले.

“ताई, प्रतिमानात एक…” ते थांबले. “माझं चुकलं. बायकांची पाकिटं येताहेत. हजारांनी. तुम्ही जिंकला असता.”

“ठाऊक हाय,” शालनताई म्हणाल्या. “घरी येऊन इच्यारतात ना बायका, आता काय करायचं म्हणून. मी म्हणलं, टाका. लिव्हलंय ते कशाला वाया घालवता.” त्यांनी घटावर पाणी शिंपडलं. “वाया जातंयच म्हणा.”

“त्या दिवशी तुम्ही मला सांगत होता. मी ऐकून घेतलं नाही.”

“मी कुठं सांगितलं? निम्मंच सांगितलं.” त्यांनी कोनाड्याकडं मान वळवली. “सर, तुम्ही आला होता ना, त्या दिवशी माझं स्वतःचं पाकीट तिथं होतं. पडद्यामागं. करंड्याखाली.”

तोडकरांची नजर बाजूला सारलेल्या पडद्याकडं गेली.

“उमेदवार मी. आणि माझंच पाकीट मी टाकलं नव्हतं, घट बसायची वाट बघत होते. सात वर्षांमागं उपकेंद्रात तुमचं भाषण मीच ठेवलं होतं. पहिल्या रांगेत बसून हसले होते. मग तुम्हाला कुठल्या तोंडानं सांगायचं? म्हणलं, सर काय म्हणतील, नर्स असून ही बाई अशी. लाज वाटली.” त्यांनी पदराच्या टोकानं घटाशेजारचं तेल पुसलं. “एका लाजेपायी सही केली, बघा. अकरा बायकांची नावं पाठ होती मला, आणि ही एवढी गोष्ट तोंडातनं निघंना.”

ते तिघं होते त्या खोलीत: तोडकर, ताई आणि तोडकरांचं हसू, जे ते सात दिवसांपूर्वी तिथं विसरून गेले होते.

“दादांचं कलम?” त्यांनी विचारलं.

“छापून आलंय. ‘चोवीस तास केंद्राच्या शक्यतेचा अभ्यास करण्यासाठी समिती.’” ताई पहिल्यांदा हसल्या, पण त्या हसण्याकडं बघवत नव्हतं. “अध्यक्ष तुम्हीच हायसा म्हणं.”

निघताना तोडकरांनी रुमाल काढला आणि त्याबरोबर आईचं पाकीट बाहेर आलं. आठवडाभर खिशात होतं. कोपरे मऊ पडलेले.

“कुणाचं?”

“आईचं. टाकायचं… राहिलं.”

“नवमीपर्यंत मुदत हाय ना? मग टाका की सर,” ताई म्हणाल्या. “मत हाय त्यांचं.”

वाटेवरच्या लाल पेटीत त्यांनी ते टाकलं. पडल्याचा आवाज आला नाही. पेटी भरलेली होती.

*

दसऱ्याला सत्कार झाला. रणजितदादा मोहोळकर, नऊ हजार एकशे सत्तेचाळीस मतं. बाद मतं, जी जाहीर करायची पद्धत नाही, तेरा हजार सहाशे बावीस. नलवडे वकील माइकवर म्हणाले की बारा दिवस आधी निकाल बिनचूक सांगणारा शास्त्रज्ञ आपल्या मातीत आहे. टाळ्या झाल्या. शाल घालताना दादांनी तोडकरांचा हात हातात घेतला आणि बोटांकडं बघितलं.

“हे काय सर? तुम्ही आणि हळद?”

मंडपात हशा पिकला. तो हशा त्यांना ओळखीचा वाटला. एकशे चाळीस वेळा त्यांनीच तो पिकवला होता.

चार शब्द बोला म्हणून आग्रह झाला. तोडकर माइकपुढं उभे राहिले. तेरा हजार सहाशे बावीस, एवढा एकच आकडा बोलायचा होता. ते म्हणाले, “धन्यवाद,” आणि खाली बसले.

घरी सुगंधाबाईंनी नारळ घेतला, शालीची घडी बोटांनी चाचपून पाहिली.

“कशाबद्दल दिली रं?”

तोडकर उंबऱ्याजवळच्या स्टुलावर बसले.

“आई, शालनताईंना मी सांगितलं होतं. माघार घ्या म्हणून. मीच.”

सुगंधाबाई हातातल्या शालीकडं बघत राहिल्या. मग त्यांनी ती पुन्हा घडीवर घडी मोडून लहान केली, आणखी लहान केली, आणि कपाटात न ठेवता खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली, जिथं जुनी वर्तमानपत्रं ठेवत. नारळ मात्र देवापुढं ठेवला. त्याचा काही दोष नव्हता.

“आई, काहीतरी बोल.”

त्या स्वयंपाकघराच्या दारात थांबल्या. पाठ फिरवलेलीच होती.

“बोलून बसले की आधीच,” त्या म्हणाल्या. “पर तू कुठं मानतोस कावळ्याला.”